पन्नास पूर्णांक शून्य ग्रॅम

ताटं बावीस. वाट्या बावीस. चमचे एकवीस, कारण खिडकीजवळच्या टेबलावरचे निवृत्त पोस्टमास्तर स्वतःचा चमचा खिशात घालून यायचे. पाण्याचे पेले बावीस, त्यांतल्या तीन पेल्यांच्या कडेचे टवके उडालेले. भांडी धुण्याच्या टाकीशेजारी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एक, एका ग्रॅमपर्यंत अचूक. आणि बावीस ताटांत मिळून उरलेलं अन्न नऊ ग्रॅम.

ते नऊ ग्रॅम म्हणजे पावाच्या कडेचा एक तुकडा. तो ज्याच्या ताटात होता त्याच्या दोन दाढा आदल्याच दिवशी काढल्या होत्या.

मोजणीनं आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. हा सलग अकरावा दिवस. पहिल्या दिवशी सात ग्रॅम, मध्ये एकदा एकवीस, आज नऊ. 'मोजणी' हे तिचं नाव आत्यानं ठेवलेलं. सहा वर्षांची असताना ती वाटाणे सोलायला बसली की कुठल्या शेंगेत किती दाणे निघाले ते मोठ्यानं सांगत बसायची. तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पोषणशास्त्राचं मायनर. वर्गातली मुलं त्या मायनरला 'कढईशास्त्र' म्हणायची आणि ती कानाडोळा करायची. सहा पेपर झाले होते, प्रात्यक्षिकं झाली होती, राहिला होता फक्त प्रकल्प. या शुश्रूषागृहात, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर माणसं जिथे सहा-आठ आठवडे राहून पुन्हा पायांवर उभी राहतात तिथे, दुपारच्या जेवणानंतर ताटात किती अन्न उरतं ते मोजायचं.

काही उरतच नव्हतं. व्यवस्थापकांनी भोजनकक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलं होतं, 'वाया जाणारं अन्न: शून्य टक्के'. मागच्या वर्षी तेच अठरा टक्के होतं. पोषणशास्त्राच्या मॅडम हे आकडे घेऊन येत्या शुक्रवारी एका परिषदेत भाषण करणार होत्या आणि त्यात मोजणीचं नाव घेणार होत्या. मोजणी खूश होती. आकडे इतके स्वच्छ क्वचितच मिळतात.

वही मिटून ती पहिल्या मजल्यावर आत्याकडे गेली. आत्याचं शिवणाचं दुकान होतं. पाच आठवड्यांपूर्वी ती दुकानाच्या पायरीवरून घसरली, मांडीच्या हाडाचं टोक मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि घराजवळ म्हणून तिला याच शुश्रूषागृहात आणलं.

"आज माझ्या ताटाचं वजन किती भरलं गं?" आत्यानं विचारलं.

"शून्य. सगळ्यांचंच जवळजवळ शून्य."

"माझं 'जवळजवळ' नाही. मी ताट चाटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे जिभेनं. समोरची बाई बघायला लागली, तेव्हा तिला म्हटलं, नक्षी बघतेय."

मोजणी हसली. आत्या हसली नाही. उशीखालून तिनं मापाची टेप काढली. ती टेप शस्त्रक्रियेच्या दिवशीसुद्धा तिच्या पिशवीत होती.

"हा माझा दंड. आले तेव्हा सव्वाअकरा इंच. आज साडेदहा. मांडीचं तर सांगतच नाही. पस्तीस वर्षं बायकांची मापं घेतेय मी, माणूस कधी बारीक होतं आणि कधी झिजतं ते मला कळतं."

"वजन केलं का इथे?"

"आले तेव्हा चोपन्न किलो दोनशे. काल पन्नास सातशे. तो व्यायाम घेणारा काय म्हणाला माहितीये? म्हणे, आजी, पायात जोरच नाही. दोन आठवड्यांत वॉकर धरून वीस पावलं चालला नाहीत, तर तिसऱ्या मजल्यावर हलवावं लागेल."

तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं होती. तिथून खाली यायला लिफ्ट होती, पण त्या लिफ्टमधून तिथलं कुणी चालत बाहेर पडल्याचं पहिल्या मजल्यावर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मला दुकान उघडायचंय," आत्या म्हणाली. "आणि मला आजी म्हणणाऱ्याला एक चपराक द्यायचीय. दोन्हीला पायात जोर लागतो. मला भूक लागते गं, मोजणी. सारखी. सांगितलं तर म्हणतात, भूक लागणं हे सुधारणेचं लक्षण. बाहेरचा डबा आणू देत नाहीत. बिस्किटाचा पुडा सापडला तर नर्सबाईनं काढून घेतला, मी काय शाळेत आहे?"

मोजणी जिना उतरली ती अर्ध्यावर थांबली. अकरा दिवस ती जेवणानंतरची ताटं मोजत होती. जेवणाआधीचं ताट तिनं एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं. प्रकल्पात तसं लिहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाऊण तास आधी आली. वाढलेल्या ताटांतली दहा तिनं काट्यावर घेतली. शिजलेली मसूर पन्नास, एक्कावन्न, पन्नास, पन्नास, एकोणपन्नास. भात ऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी. उकडलेली भाजी बरी होती, पावाचा काप एक. तिनं वहीच्या मागच्या पानावर भराभर आकडेमोड केली. शिजलेल्या पन्नास ग्रॅम मसुरीत प्रथिनं साडेचार ग्रॅम. हाड जुळत असलेल्या माणसाला दुपारच्या मसुरीतून निदान अकरा मिळायला हवीत. भाताचंही तेच. निम्म्याहून कमी.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. मग ती कोठीत गेली आणि सामानाची वही उघडली. मागच्या वर्षीपर्यंत महिन्याला मसुरीची तीन पोती लागत होती. सात महिन्यांपासून सव्वा पोतं.

माणसं तेवढीच. पोती निम्म्याहून कमी. मग उरलेलं खातंय कोण?

स्वयंपाकीण मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. गेली एकोणीस वर्षं हे स्वयंपाकघर तिच्या हातात होतं. सगळे तिला काकू म्हणायचे, व्यवस्थापकसुद्धा.

"काकू, मसूर कुठे जाते?" मोजणीनं दारातूनच विचारलं.

"कुठे म्हणजे? पातेल्यात."

"पातेल्यात यायच्या आधी. माझी आत्या पहिल्या मजल्यावर आहे. पाच आठवड्यांत साडेतीन किलो उतरली. माणसांच्या तोंडचा घास कुणीतरी काढून घेतंय, आणि किल्ली तुमच्याकडे असते."

काकूंनी झाकण खाली ठेवलं. आवाज झाला नाही, इतकं सावकाश ठेवलं.

"चोर म्हणतेस मला?"

"मी आकडे सांगतेय."

"आकडे!" काकूंचा आवाज आता टाकीवरच्या खिडकीपर्यंत गेला. "ये. इकडे ये. आकडे दाखवते तुला." त्यांनी मोजणीला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं. तिथे प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद लटकत होता. "एकोणीस वर्षं मी डोळ्यांनी वाढलं. या डावानं." त्यांनी ओट्याखालून जुना, दांडीशी काळा पडलेला डाव काढला. "एक डाव मसूर, दोन डाव भात, भूक असेल त्याला वर अर्धा. सात महिन्यांपूर्वी तुझ्या कॉलेजातून हा कागद आला. व्यवस्थापक म्हणाले, काकू, आता शास्त्राप्रमाणे. माझा डाव बंद केला आणि हा दिला, बाहुलीच्या लग्नातला." नवा डाव त्यांनी तिच्या नाकासमोर नाचवला. "मी तुझ्या मॅडमला विचारलं होतं, इथेच, याच जागी. म्हटलं, बाई, हे वजन कच्च्याचं का शिजलेल्याचं? एवढ्यानं माणसाचं पोट भरणार नाही. तर घड्याळ बघत म्हणाल्या, कागदावर लिहिलंय तसं द्या. मी दिलं. ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि तू मला चोर म्हणतेस? वाच! तुला वाचता येतं ना?"

मोजणीनं वाचलं. भात ८०.० ग्रॅम. मसूर ५०.० ग्रॅम. भाजी १५०.० ग्रॅम.

वर कॉलेजचं नाव होतं, खाली मॅडमची सही. पण तिची नजर त्या दशांश चिन्हापुढच्या शून्यावर खिळली. स्वयंपाकघरासाठी कागद लिहिणारं कुणीही ५० लिहील. ५०.० लिहिणारं, आणि त्या शून्याचा अभिमान बाळगणारं, तिच्या ओळखीत एकच होतं.

दीड वर्षापूर्वीचा गृहपाठ. मायनरचं पहिलं सत्र. 'साठीच्या एका काल्पनिक रुग्णासाठी आहार आखा.' तिच्या मूळ तक्त्यात पाच स्तंभ होते. पानावर ते मावेनात, अक्षरं बारीक होत होती. मग तिनं 'शिजवण्यापूर्वीचं वजन' या मथळ्यातलं पहिलं पद उडवलं. उरलं 'वजन'. तांदूळ खोडून भात केलं, कारण वाचणाऱ्याला ते सोपं. काल्पनिक रुग्णाला काय फरक पडणार होता? मॅडमनी दहापैकी दहा दिले होते. कोपऱ्यात प्रत्येक पानावर सही करायची तिला प्रयोगशाळेची सवय होती. ती सहीही तिथे होती, छायाप्रतीत थोडी पुसट झालेली.

"काकू," ती म्हणाली, आणि तिनं कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवलं.

"बोल की. आता का दातखीळ बसली?"

"हे मी लिहिलंय."

काकूंनी नवा डाव टाकीत फेकला. या वेळी आवाज झाला.

"मग मला कशाला चोर म्हणायला आलीस?" त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी आरसा नव्हता?"

मॅडम त्यांच्या खोलीत परिषदेची चित्रं संगणकावर लावत होत्या. पडद्यावर एक रिकामं, लखलखीत ताट होतं.

मोजणीनं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही, फक्त शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी. मथळा मी उडवला. पण तो गृहपाठ होता, मॅडम. तो तिथे कुणी पाठवला? आणि काकूंनी तुम्हाला विचारलं होतं."

"हे बघ, माझ्याकडे तेव्हा सत्तर मुलांचे तक्ते होते. तुझा सगळ्यांत नीटनेटका होता."

"नीटनेटका होता म्हणून तपासला नाहीत?"

"आवाज खाली." मॅडमनी दाराकडे पाहिलं. "दुरुस्ती करू. पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, सुधारित तक्ता मांडू, रीतसर. तोवर तू तुझा अहवाल पूर्ण कर. तुला ताटात उरलेलं मोजायचं होतं, ते तू मोजलंस. आकडे खोटे नाहीत."

"आकडे खोटे नाहीत. माणसं उपाशी आहेत म्हणून ताटं रिकामी आहेत. ते 'शून्य टक्के' म्हणजे भूक आहे, मॅडम. तुम्ही शुक्रवारी बावीस माणसांची भूक दाखवून टाळ्या घेणार आहात."

"तुझं मायनर आहे हे," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "शेवटच्या प्रकल्पावर माझी सही लागते. उगाच राईचा पर्वत करू नकोस. एक महिना. त्यानं काय होतं?"

"पाच आठवड्यांत साडेतीन किलो होतात."

"बस. जा आता."

मोजणीनं वहीतून प्रकल्पाचं पहिलं पान काढलं, ज्यावर तिचं आणि मॅडमचं नाव शेजारी शेजारी छापलेलं होतं. स्वतःच्या नावावर तिनं पेनानं एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली आणि ते पान त्या लखलखीत ताटाच्या चित्रासमोर ठेवलं. रेघ सरळ आली.

आत्याला सांगणं सगळ्यांत कठीण होतं. आत्यानं ऐकून घेतलं. ती टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

"म्हणजे मला तू उपाशी ठेवलंस."

"हो."

"माझ्या दुकानात पहिल्या दिवशी आलेल्या पोरीला मी काय विचारते? कापड धुतलेलं आहे का कोरं? कोरं असेल तर आटणार. ते धरूनच माप घ्यायचं, नाहीतर गिऱ्हाईकाच्या अंगात बाही शिरत नाही. चौथी नापास पोरींना हे कळतं. तुला कॉलेजात पाठवून आम्ही काय मिळवलं?"

मोजणीनं मनगटानं डोळे पुसले.

"रडू नकोस माझ्यापुढे. मला राग आलाय आणि तो मला नीट येऊ दे." आत्यानं टेप उशीखाली सारली. "माझं सोड. समोरच्या बाईला मुलगा नाही, सून नाही, भेटायला कुणी येत नाही. तिनं कुणाकडे तक्रार करायची? सात महिन्यांत इथून किती माणसं गेली असतील गं? वर तिसऱ्या मजल्यावर किती?"

"मला माहीत नाही."

"मोज."

"मोजीन."

"आधी उद्याचं जेवण. ती चाकांची खुर्ची इकडे ओढ. मलाही यायचंय."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला व्यवस्थापक स्वयंपाकघरात आले, ते काकूंनी निरोप पाठवला म्हणून. आत मोजणी भिंतीपाशी उभी होती, प्लॅस्टिकच्या पाकिटातून कागद बाहेर काढलेला. दाराशी खुर्चीत आत्या.

"रुग्णांना इथे परवानगी नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"मी रुग्ण म्हणून नाही, पुरावा म्हणून आलेय," आत्या म्हणाली.

मोजणीनं तीन वाक्यांत सांगितलं. व्यवस्थापकांचा चेहरा आधी गोंधळला, मग सावध झाला.

"मॅडमचा फोन आल्याशिवाय मी काही बदलणार नाही. उद्या कुणी विचारलं तर जबाबदार कोण?"

"तयार करणाऱ्याची सही माझी आहे. दुरुस्तीही माझीच राहील. प्रयोगशाळेत चुकलेला आकडा खोडरबरानं पुसत नाहीत. एक रेघ मारतात, खालचा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. मी ते इथे करणार आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पंधरा मिनिटांनी भोजनकक्षात बावीस माणसं बसतील. आज भेटीचा दिवस आहे, नातेवाईकही असतील. दारावरच्या त्या पाटीचा अर्थ मी मोठ्यानं वाचून दाखवीन."

"धमकी देतेस?"

"हो," मोजणी म्हणाली. "आकड्यांसकट."

"साहेब," काकू पहिल्यांदाच बोलल्या, "मी सात महिन्यांपूर्वी तुम्हाला तोंडानं सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, काकू, तुम्हाला शास्त्र कळत नाही. आता शास्त्र स्वतः येऊन सांगतंय, तर त्याला फोन लागतो?"

व्यवस्थापकांनी कपाळ पुसलं. "करा. पण सही ठळक करा. माझं नाव कुठे नको."

मोजणीनं एकेक ओळ घेतली. भात ८०.० वर एक रेघ. शेजारी: शिजलेला, २२०. मसूर ५०.० वर एक रेघ. शेजारी: शिजलेली, १२५. दशांश चिन्हापुढचं शून्य या वेळी तिनं लिहिलं नाही. खाली एक ओळ, 'मूळ आकडे शिजवण्यापूर्वीचे होते, मथळा माझ्याकडून उडाला.' सही. तारीख.

काकूंनी ओट्याखालून जुना डाव काढला, पातेल्यात बुडवला आणि मसूर वाटीत ओतून वाटी काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा केल्यावर काट्यानं दाखवलं, एकशे सत्तावीस.

"किती हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"एकशे पंचवीस."

"दोन ग्रॅम जास्त झालं," काकू म्हणाल्या. "काढू का परत?"

"नको, काकू. आणि मी काल जे बोलले..."

"ते मी विसरणार नाही," काकू म्हणाल्या आणि पुढची वाटी उचलली. "सरक, वाटेत उभी राहू नकोस. माणसं बसलीत."

शुक्रवारी मॅडमनी परिषदेत भाषण केलं. टाळ्या पडल्याचं मोजणीला वर्गात कळलं. तिच्या प्रकल्पावर सही झाली नाही. मायनरचा रकाना गुणपत्रिकेत 'अपूर्ण' राहणार असं कार्यालयातल्या कारकुनानं चहाचा घोट घेत सांगितलं. परिषदेच्या आयोजकांना तिनं चार ओळींचं पत्र पाठवलं आणि सोबत वहीच्या बारा पानांच्या प्रती जोडल्या. उत्तर आलं नाही. तिसऱ्या मजल्याची नोंदवही मिळावी म्हणून तिनं अर्ज केला. तो व्यवस्थापकांच्या टेबलावर पडून होता, आणि ती रोज जाऊन तो वरच्या गठ्ठ्यावर आणून ठेवत होती.

भोजनकक्षाच्या दारावरची पाटी पोस्टमास्तरांनी एका दुपारी आपल्या चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढली. कुणी त्यांना अडवलं नाही.

दुरुस्तीनंतरच्या बाराव्या दिवशी मोजणी वजनकाटा पुसून टाकीशेजारी बसली. आत्या भोजनकक्षात खुर्चीतून आली नाही. वॉकर धरून आली, आणि व्यायाम घेणाऱ्याला हात लावू दिला नाही. मोजणीनं पावलं मोजली नाहीत, आत्या स्वतःच मोठ्यानं मोजत होती. तेवीस.

जेवून झाल्यावर आत्यानं ताट पुढे सरकवलं.

"बास," ती म्हणाली. "भात आज जरा जास्तच झाला. काकूंना सांग, मला घरी जायचंय, दुकानाच्या दारात अडकायचं नाही."

मोजणीनं एकामागून एक ताटं काट्यावर ठेवली आणि वहीत लिहिलं.

ताटं बावीस. आत्याच्या ताटात भात एकतीस ग्रॅम, पावाचा तुकडा चौदा ग्रॅम. बावीस ताटांत मिळून उरलेलं अन्न एक हजार तीनशे सेहेचाळीस ग्रॅम.